स्कॅनसाठी पुणं गाठायचं, की लिथियम चालू ठेवायचं?

तासगाव तालुक्यातून एका भगिनींचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून त्याचा गोषवारा असा. पती ३६ वर्षांचे, दोन एकर द्राक्षबाग. पाच वर्षांपूर्वी पहिल्यांदा ते गप्प गप्प झाले. जेवण तुटलं, पहाटे तीनला जाग यायची, बागेकडे फिरकायचे नाहीत. गावातल्या डॉक्टरांनी ‘टेन्शन आहे’ म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. पुढे सांगलीतल्या डॉक्टरांनी डिप्रेशन सांगून एस्सिटालोप्राम सुरू केली. तीन-चार आठवड्यांत ते असे टवटवीत झाले की गोळ्या सोडूनच दिल्या. असं दोनदा झालं. मागच्या ऑक्टोबरात छाटणीनंतर ते रात्ररात्र फवारण्या करत होते, घरात न विचारता जुना ट्रॅक्टर घेऊन आले आणि बांधावरून भावकीच्या अंगावर धावून गेले. मिरजेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी ‘बायपोलर’ (मन कधी उदास, कधी चढलेलं, असा आजार) सांगून मन स्थिर ठेवणारं लिथियम दिलं, त्याला आता तीन महिने होतील. पुढच्या आठवड्यात रक्ताची तपासणी आहे. दीर म्हणतात, तीन डॉक्टर तीन नावं सांगतात, त्यापेक्षा पुण्याला नेऊ. तिथं मेंदूच्या स्कॅनमध्ये आणि जनुकांच्या तपासणीत नेमका आजार कळतो, मशीन लावून गोळ्यांशिवाय उपचारही होतात. तोवर गोळ्या बंद. सासूबाई म्हणतात, लिथियमने किडनी जाते, देवऋषीकडं दाखवू. भगिनी विचारतात, नक्की काय झालंय ते कळेपर्यंत गोळी थांबवली तर चालेल का? आणि हे आठ वर्षांच्या मुलात उतरेल का?

ताई,

गोळी थांबवू नका. लिथियम एकदम तोडलं की आजार उसळून येतो, आणि बरेचदा काही आठवड्यांतच. पुढे कधी बंद करायचं ठरलंच, तर डॉक्टर ते निदान महिनाभर, जमलं तर तीन महिने घेऊन हळूहळू उतरवतात. आज गोळी बंद केलीत आणि पुण्याची तारीख लागेपर्यंत पुन्हा ऑक्टोबरसारखे दिवस आले, तर कुठलाही स्कॅन ते आवरू शकणार नाही.

आता ते तीन डॉक्टर. पहिले दोघे चुकले, मग तिसऱ्यांवर का विश्वास ठेवायचा, असा तुमच्या पत्राचा सूर आहे. जरा आठवून बघा, पहिल्या दोघांपुढे कोण बसलं होतं? मान खाली घातलेला, झोप आणि भूक गेलेला, कशातच मन नसलेला माणूस. ठरलेल्या नऊ लक्षणांपैकी पाच दोन आठवडे टिकली की डिप्रेशन म्हणतात, आणि ती तर समोर दिसतच होती. बायपोलरमधला उदास टप्पा आणि नुसतं डिप्रेशन, दोन्हींत माणूस सारखाच दिसतो. फरक दडलेला असतो तो मागच्या वर्षांतल्या मन चढलेल्या दिवसांत, आणि त्या वेळी दवाखान्यात कोणी जात नाही. जाईल तरी कशाला? पहाटे तीनला उठून बागेत, दिवसभर फोनवर, कामाला नुसता वाघ. ‘आता बरा झाला’ म्हणून घर सुटकेचा श्वास सोडतं. बायपोलरच्या कितीतरी रुग्णांची पहिली काही वर्षं डिप्रेशनच्या फाइलवर जातात ती यामुळे.

तिसऱ्या डॉक्टरांच्या हातात ऑक्टोबर होता, एवढाच फरक. मेनिया, म्हणजे मन चढण्याचा टप्पा, म्हणायला निदान आठवडाभर मन चढं किंवा चिडखोर लागतं, अंगात नेहमीपेक्षा जास्त हुशारी लागते आणि सातपैकी तीन गोष्टी ठळक दिसाव्या लागतात: थोड्या झोपेवर भागणं, अखंड बोलणं, डोक्यात विचारांची गर्दी, आपण कोणीतरी मोठे आहोत असं वाटणं, लक्ष उडणं, एकामागून एक कामं काढणं, अंगाशी येतील असे खर्च आणि व्यवहार. मन नुसतं चिडखोरच असेल तर चार. द्राक्षावरच्या डावणी रोगाच्या भीतीने ऑक्टोबरात सगळं शिवारच जागं असतं, मग हा आजार कसा, असं दीर म्हणतील. बरोबर आहे. पण बाकीचे दुपारी शेडमध्ये पोतं टाकून आडवे होतात आणि घोरतात. आठवडाभर रोज तीन तास झोपून ज्याचा दुपारीही डोळा लागत नाही आणि तरी जो थकत नाही, त्याची गोष्ट वेगळी. झोप येत नाही म्हणून तळमळणं आणि झोपेची गरजच नाही असं वाटणं, यातला फरक डॉक्टरांना घरचं माणूसच सांगू शकतं.

आणखी एक गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलीत, ती खरं तर मोठी आहे. गोळी सुरू केल्यावर तीन-चार आठवड्यांत दोन्ही वेळा ते ‘एकदम टवटवीत’ झाले. बायपोलर असलेल्या माणसाला डिप्रेशनची गोळी एकटीच दिली, मन स्थिर ठेवणारं दुसरं औषध सोबत नसलं, तर तो कधी कधी उदासीतून थेट दुसऱ्या टोकाला जातो. ते टवटवीतपण बरं होणं होतं की चढणं, हे पत्रावरून ठरवता येणार नाही. पण मिरजेच्या डॉक्टरांना हे नेमक्या महिन्यांसह सांगितलंय का? नसेल तर पुढच्या भेटीत पहिलं तेच सांगा.

स्कॅनचं म्हणाल, तर एमआरआयमध्ये गाठ दिसते, जुना मार दिसतो, रक्तस्राव दिसतो. बायपोलर दिसत नाही. शेकडो रुग्णांच्या आणि शेकडो निरोगी माणसांच्या स्कॅनची सरासरी काढली की संशोधकांना थोडा फरक सापडतो, पण एका माणसाचा एक स्कॅन घेऊन त्यावरून आजाराचं नाव सांगता येत नाही. मग डॉक्टर तो कधी काढायला सांगतात? आजार चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उमटला, डोक्याला मार लागला होता, फिट येते, बोलणं किंवा चालणं बदललंय, विसरभोळेपणा वाढलाय, अशा वेळी. आणि तेही दुसरं काही नाही ना, एवढं पाहायला. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. त्यापेक्षा टीएसएच (थायरॉईडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर एकदा तपासली होती का ते विचारा. थायरॉईड बिघडलं की माणूस दोन्ही दिशांनी बदलू शकतो, आणि ही तपासणी तासगावातही होते.

जनुकांच्या तपासणीत दोन प्रकार येतात आणि विकणारे ते सरमिसळ करून सांगतात. ‘तुम्हाला अमुक आजाराचा धोका इतका’ असं सांगणाऱ्या रिपोर्टावरून निदान होत नाही. या आजारामागे एक जनुक नसतं, असंख्य जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. दुसरी तपासणी यकृत एखादं औषध किती वेगाने मोडतं ते सांगते, आणि काही डिप्रेशनच्या गोळ्यांचा डोस ठरवायला तिचा थोडा उपयोग होतो. पण लिथियम यकृतात मोडतच नाही, ते जसंच्या तसं किडनीवाटे बाहेर पडतं. त्यामुळे तुमचे पती आज जे औषध घेताहेत त्याबद्दल हा महागडा रिपोर्ट एक अक्षर सांगणार नाही. जनुकाची एक तपासणी मात्र खरोखर कामाची आहे: कार्बामाझेपिन सुरू करण्याआधी एचएलए-बी १५:०२ पाहतात, कारण ते जनुक असलेल्या माणसाला त्या औषधाने कातडी सोलून निघण्याइतकी भयंकर रिॲक्शन येऊ शकते. तुम्हाला ते औषध दिलेलं नाही, म्हणून तो खर्चही नको.

दीर म्हणतात ते मशीन बहुधा चुंबकीय उत्तेजनाचं, म्हणजे आरटीएमएस असावं. त्यात भोंदूपणा नाही. गोळ्यांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली. भूल लागत नाही, माणूस खुर्चीत जागा बसतो, सत्र तीन मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत चालतं. पण आठवड्यातले पाच दिवस, चार ते सहा आठवडे रोज जावं लागतं, म्हणजे पुण्यात खोली घेऊन राहणं आलं. डोक्यात धातूचा तुकडा असेल किंवा फिट येत असेल तर ते टाळतात. आणि मुख्य म्हणजे ते उदासीवरचं औषध आहे. तुमच्या पतींचा ताजा त्रास चढलेल्या मनाचा होता, त्यावर ते नाही. पुढे कधी उदासी आली आणि दोन-तीन औषधं पुऱ्या डोसात, पुरे आठवडे देऊनही हलली नाही, तर डॉक्टरांशी हा विषय काढा. तेव्हा कदाचित शॉक ट्रीटमेंटचंही नाव निघेल, दचकू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ती देण्यावर बंदी आहे. सिनेमात दिसते ती आता राहिलेली नाही.

आता सासूबाईंची भीती. ती पोकळ नाही, म्हणून जरा सविस्तर सांगायला हवं.

लिथियम हे जुनं औषध. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मेनियावर त्याचा उपयोग दाखवला, आणि आजही बायपोलरसाठी त्याच्याइतकी भरवशाची औषधं थोडी आहेत. जीव देण्याचे विचार आणि प्रयत्न कमी करण्याबाबत तर त्याचं नाव पहिलं येतं. अडचण एकच. लागणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत अंतर थोडं आहे. रक्तात ते साधारण ०.६ ते ०.८ या पातळीत ठेवतात, मेनिया जोरात असताना थोडं वर नेतात, १.५ च्या पुढे बाधा दिसू लागते. रिपोर्टवर एकक ‘एमएमओएल’ असो की ‘एमईक्यू’, आकडा तोच. किडनीवर परिणाम होतो तो वर्षानुवर्षांच्या वापराने, आणि पातळी वारंवार वर गेलेल्यांना जास्त. सगळ्यांची किडनी जात नाही, बहुतेकांवर डायलिसिसची वेळ येत नाही. पण लक्ष ठेवावंच लागतं. पातळी सुरुवातीला डोस बदलला की पाच ते सात दिवसांनी, मग दर तीन महिन्यांनी. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), टीएसएच आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी. या तारखा पाळल्या तर बिघाड हाताबाहेर जाण्याआधी कळतो.

रक्त देण्यात नेहमी होणाऱ्या चुका ऐका. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं असतं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला. सकाळचीही गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर घ्यायची. उपाशीपोटी जायची गरज नाही. ‘आधी गोळी घेऊ, मग जाऊ’ केलं की आकडा खोटा वर येतो आणि चांगला बसलेला डोस उगाच कमी केला जातो. उलटही होतं. महिनाभर गोळ्या चुकवून शेवटचे आठ दिवस नेमाने घेतल्या की रिपोर्ट छान येतो आणि डॉक्टर चकतात. शिवाय हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत लिथियम हेपॅरिन असतं. त्या नळीत रक्त घेतलं तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं. लॅबमधल्या मुलाला ‘लिथियमची तपासणी आहे, ती नळी नको’ एवढं सांगा, तो ओशाळून बदलेल.

दुसरं, उन्हाळा तोंडावर आलाय. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि तीच गोळी जास्त होते. म्हणून उन्हात काम असेल तर पाण्याचा कॅन बांधावर हवा, जेवणातलं मीठ नेहमीइतकंच, निर्जळी उपवास नको, कोणी ‘बीपीसाठी अळणी खा’ म्हटलं तर आधी डॉक्टरांना विचारायचं. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी फोन करा, ते एखाद-दोन डोस थांबवायला सांगतील. आणि कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन! बागायतदाराच्या घरात ही गोळी साखरेच्या डब्याशेजारीच असते. ती लिथियमची पातळी वर नेते. दुखलं तर पॅरासिटामॉल. बीपीच्या काही गोळ्याही पातळी वाढवतात, तेव्हा लिथियम चालू असल्याची चिठ्ठी पाकिटात असू द्या.

तहान लागणं, लघवीला जास्त जावं लागणं, बोटांना बारीक कंप, थोडं वजन वाढणं हे नेहमीचं. डॉक्टरांना सांगायचं, घाबरायचं नाही. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, सतत उलट्या-जुलाब, गुंगी यांतलं काही दिसलं तर पुढची गोळी देऊ नका आणि रात्र असली तरी दवाखाना गाठा. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करायची नाही.

मग दुसरं मत घ्यायचं की नाही? जरूर घ्या, त्यात मिरजेच्या डॉक्टरांचा अपमान नाही. पण मत घ्यायचं ते दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञाचं, यंत्राचं नव्हे, आणि गोळी चालू ठेवून. त्यासाठी पुण्याचीच वाट धरायला हवी असं नाही. सांगलीच्या सिव्हिलमध्ये मनोविकाराची ओपीडी आहे. दिवस आणि वेळ विचारून जा. शंका विचारायला १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. जुने कागद नसतील तर दवाखान्यांकडे मागा, आपल्या उपचाराच्या नोंदी मिळणं हा रुग्णाचा कायद्याने हक्क आहे.

आणि जाताना एक कागद न्या. यात घरच्या माणसाइतकं काम कोणाचंच होत नाही. वहीच्या पानावर आडवी रेघ मारा, ही मनाची नेहमीची पातळी. डावीकडून पाच वर्षं मांडा. तारखा आठवत नाहीत म्हणून अडू नका. ऑक्टोबर छाटणी, बेदाण्याचा हंगाम, एप्रिलची खरड छाटणी, गावची जत्रा, मुलगा शाळेत घातला ते वर्ष, यांच्या आधाराने महिने आपोआप सापडतात. उदासीचे महिने रेघेखाली, चढलेले महिने रेघेवर, आणि कुठली गोळी कधी सुरू झाली, कधी सोडली ते बाणाने. डॉक्टरांना जे अर्ध्या तासात विचारून कळत नाही ते या पानावर दोन मिनिटांत दिसतं. यापुढचं कालनिर्णयवर लिहा: रोजच्या चौकटीत झोपेचे तास, मनाला उणे तीन ते अधिक तीन यांतला एक आकडा, गोळी घेतली की बरोबरची खूण. आकडा पतींनी स्वतः द्यायचा. तुमचा वेगळा वाटला तर शेजारी लिहा, त्यावरून भांडू नका. झोप लागोपाठ दोन-तीन रात्री चार तासांच्या खाली आली आणि थकवा नाही, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन.

झोपेवरून आठवलं. थ्री फेजची लाईट रात्रीची असली की पाणी पाजायला कोण जातं? तुमचे पतीच जात असणार. जागरणाने मेनिया सुरू होऊ शकतो, त्यामुळे रात्रीच्या पाळ्या आणि छाटणीनंतरच्या पहाटेच्या फवारण्या दिरांनी किंवा गड्याने कराव्यात. दिरांना खरंच मदत करायची आहे, तर पुण्याच्या खर्चापेक्षा ही मदत मोठी होईल. दारूही बंदच हवी, ती झोप आणि औषध दोन्ही बिघडवते.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना देवाला जायचं तर जाऊ द्या, अंगारा लावायचा तर लावू द्या. अट एवढीच की गोळी बंद होणार नाही आणि पाणी तोडून उपास होणार नाही. भूत उतरवतो म्हणून मारणं, साखळीने बांधणं असलं काही सुरू झालं तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे मात्र आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

मुलाचं विचारलंत. आई-वडिलांपैकी एकाला बायपोलर असेल तर शंभरातल्या साधारण पाच-दहा मुलांना पुढे तो होतो, उरलेल्या नव्वद-पंचाण्णवांना होत नाही. आठव्या वर्षी करायची कुठलीही तपासणी नाही. वयात आल्यावर झोप आणि वागणं एकदम बदललं तर लवकर दाखवायचं, आणि गांजा-दारूपासून त्याला लांब ठेवायचं. घरात आज ‘बाबांना झोपेचा आणि मनाचा आजार आहे, गोळीने ते बरे राहतात’ इतकं सांगितलं तरी पोराला पुरतं. नाहीतर तो ते गल्लीतून ऐकेल.

हे वाचणाऱ्या बायकांसाठी एक जोड. याच आजारावर व्हॅल्प्रोएट नावाचं औषध देतात. ते चालू असताना गर्भ राहिला तर सुमारे दहातल्या एका बाळात व्यंग येतं आणि मुलांची वाढ मागे पडण्याचा धोकाही मोठा असतो. मूल होण्याच्या वयातल्या बाईने ते चालू असेल तर डॉक्टरांशी ताबडतोब बोलावं. मनाने बंद करू नये.

ताई, एवढ्या मोठ्या पत्रात सासूबाई काय म्हणतात, दीर काय म्हणतात ते आलं. तुमच्या पतींना काय वाटतं, ते कुठंच नाही. आज ते बरे आहेत, म्हणजे विचारायची वेळ हीच. पुन्हा मन चढलं तर कोणता दवाखाना, कोणतं औषध चाललं, कोणतं नको, निर्णय कोणी घ्यायचा, ट्रॅक्टरसारखा व्यवहार निघाला तर चेकबुक कोणाकडे ठेवायचं, हे त्यांनीच सांगावं आणि लिहून ठेवावं. उपचारांबद्दल असं आगाऊ लिहून ठेवायची आणि आपल्या वतीने बोलणारं माणूस नेमायची सोय त्याच २०१७ च्या कायद्यात आहे. त्याच बैठकीत फवारणीच्या औषधांची खोली कुलपात घालायचं ठरवा, चावी दिरांच्या घरी. उदासीच्या काळात जगणं नको झाल्याचं ते बोलले, तर तसा विचार आहे का हे सरळ विचारा. विचारल्याने तो डोक्यात येत नाही. त्यांना एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा १४४१६.

पुढच्या आठवड्यात रक्त द्यायला जाल तेव्हा आदल्या रात्रीच्या गोळीची वेळ चिठ्ठीवर लिहून न्या, आणि क्रिएटिनिन-टीएसएच शेवटचं कधी झालं ते फाइलमध्ये बघून त्याच वेळी काढायचं का, ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.